ऑटोक्रॉससाठी गाडी लोअर करावी का? उंची, स्प्रिंग आणि हँडलिंग

तिसरा_गिअर

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र खांब, खाली एकच आर्म) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा दांडा) असलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे. चालकासकट वजन १,१०० किलो, त्यातलं ६२ टक्के पुढच्या चाकांवर. टायर १९५/५५ आर१५. मोकळ्या डांबरी मैदानावर कोन मांडून होणारं ऑटोक्रॉस, फेरी साधारण ६० सेकंदांची, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये.

४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा तयार सेट घालायचा विचार आहे. शॉक कंपनीचेच राहतील. गाडी खाली आली की वळणात कमी झुकते आणि वेळ सुधारतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का, आणि असेल तर फायदा नेमका किती?

स्ट्रटपट्टी

आधी फायद्याची बाजू. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. वळणाचा जोर तोच असेल तर किती जातं ते तीनच गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि ट्रॅकची रुंदी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. गुरुत्वमध्य ५२० मिमीवर आणि ट्रॅक १,४५० मिमी धरला तर १ जी च्या वळणात (बाजूचा जोर गाडीच्या वजनाइतका) १,१०० × ५२० ÷ १,४५० म्हणजे सुमारे ३९४ किलो बाहेर सरकतात. स्प्रिंग कितीही कडक करा, हा एकूण आकडा जवळपास तेवढाच राहतो. कडक स्प्रिंगने झुकणं कमी होतं, वजन सरकणं नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

गाडी ४० मिमी खाली आणली तरी गुरुत्वमध्य पूर्ण ४० मिमी उतरत नाही, कारण चाकं, हब, ब्रेक जिथल्या तिथेच असतात. साधारण ३४ मिमी उतरतो. मग आकडा ३६९ होतो. २५-२६ किलो वाचले, म्हणजे साडेसहा टक्के.

आता तोट्याची बाजू. स्ट्रटच्या गाडीत ती मोठी आहे.

कंपनीच्या उंचीवर लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असतं. वास्तवाजवळची मापं घेऊन गणित मांडू: आर्म ३३० मिमी, बाहेरचं टोक २० मिमी खाली, बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट जमिनीपासून १८० मिमी, स्ट्रटचं वरचं टोक ८५० मिमीवर. या भूमितीत पुढचं रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) जमिनीपासून ९० मिमी वर येतं. गाडी ४० मिमी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा २० मिमी वर जातं, आणि रोल सेंटर जमिनीच्याही १५ मिमी खाली जातं. गाडी उतरली ४० मिमी, रोल सेंटर उतरलं १०५ मिमी.

गाडीला झुकवणारी तरफ म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर. पुढच्या बाजूला ते आधी ४३० मिमी होतं, आता ५०१ झालं. १६ टक्क्यांनी वाढलं. स्प्रिंग तीच ठेवून फक्त उंची कमी केली, तर स्ट्रटची गाडी पुढून जास्त झुकायला बघते.

कॅम्बरचंही तसंच. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा तिरपेपणा; वरची कड आत झुकली की निगेटिव्ह. वरच्या मापांत चाक वर जाताना दर १० मिमीला ०.२१ अंश निगेटिव्ह कॅम्बर मिळत होता. लोअर केल्यावर तो ०.१३ अंशावर येतो, आणि चाक आणखी वर गेलं की अजून घटतो. म्हणजे गाडी झुकते तेव्हाच बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो.

डबलविशबोन

गणित बरोबर आहे, पण ते फक्त स्ट्रटचं आहे. सगळ्या गाड्यांना तो नियम लावू नये. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे वर एक आणि खाली एक आर्म. अशा गाडीत वरचा आर्म आखूड असतो, त्यामुळे चाक वर जाईल तसा निगेटिव्ह कॅम्बर मिळत राहतो, आणि रोल सेंटरही इतकं कोसळत नाही. होंडा सिव्हिकलाही २००० पर्यंतच्या पिढ्यांत पुढे विशबोन होते, नंतर स्ट्रट आले. या दोन सिव्हिक लोअर केल्यावर सारख्या वागणार नाहीत.

दुसरं, साडेसहा टक्के हा आकडा किरकोळ म्हणून बाजूला सारू नका. ऑटोक्रॉसमध्ये निकाल दशांश सेकंदांवर लागतात.

स्ट्रटपट्टी

विशबोनबद्दल सहमत. धागाकर्त्याची गाडी स्ट्रटची आहे, म्हणून मी तिथेच राहिलो.

साडेसहा टक्के किरकोळ नाहीत, पण साडेसहा टक्के वजन कमी सरकलं म्हणजे ग्रिप साडेसहा टक्के वाढली असं होत नाही. टायरवर वजन वाढतं तशी ग्रिपही वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. म्हणूनच वजन सरकणं वाईट. उदाहरणादाखल धरू की दर २०० किलोंमागे टायरचा घर्षणांक ०.१ ने पडतो. पुढच्या दोन चाकांवर मिळून ६८२ किलो. एकूण सरकणाऱ्या वजनातलं ५५ टक्के पुढच्या दोन चाकांमध्ये सरकतं असं मानलं, तर आधी बाहेरच्या चाकावर ५५८ आणि आतल्यावर १२४ किलो होते. लोअर केल्यावर ५४४ आणि १३८. दोन्ही चाकांची ग्रिप जोडली तर फरक जेमतेम एक टक्का.

वेळ ग्रिपच्या वर्गमुळाने बदलतो. एक टक्का ग्रिप म्हणजे अर्धा टक्का वेळ. ६० सेकंदांच्या फेरीत पाव ते तीन दशांश सेकंद, आणि तेही सगळी फेरी ग्रिपच्या मर्यादेवर चालली तर. ब्रेक मारताना आणि पहिल्या काही मीटरच्या पिकअपमध्ये हिशोब वेगळा पडतो.

पाव सेकंद मिळत असेल तर घ्यावा. प्रश्न एवढाच, की तो मिळवताना कॅम्बर आणि ट्रॅव्हलमध्ये (चाकाला वरखाली हलायला असलेली जागा) त्याहून जास्त गमावतोय का.

नटबोल्ट

मग पुष्कळ जणांची गाडी लोअर केल्यावर खरोखर चांगली वळते, त्याचं काय? सगळ्यांचा भास नसावा.

स्ट्रटपट्टी

भास नाही, श्रेय चुकीच्या गोष्टीला जातं. ४० मिमी खाली आल्यावर उभ्या गाडीचा पुढचा कॅम्बर आपोआप अर्ध्या अंशाहून थोडा जास्त निगेटिव्ह होतो. कंपनीची गाडी शून्याच्या आसपास असते, तिला तेवढ्यानेही लगेच फरक पडतो. शिवाय लोअरिंग स्प्रिंग बहुधा १५ ते ३० टक्के जास्त कडक असते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लवकर प्रतिसाद देते. या दोन्ही गोष्टी उंचीला हात न लावता मिळतात: कॅम्बर बोल्टने किंवा कॅम्बर प्लेटने, आणि कडक स्प्रिंगने.

पाना_बारा

अजून मूळ दुखण्यावर कोणी आलं नाही. ट्रॅव्हल!

वरच्या गाडीला पुढे बंप स्टॉपला (शॉक पूर्ण दबू न देणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत ४५ मिमी आणि स्टॉप पूर्ण दाबला जाईपर्यंत ७५ मिमी जागा आहे असं धरा. अशा हॅचबॅकला साधारण एवढीच असते. १,४५० मिमी ट्रॅकच्या गाडीत एक अंश झुकलं की बाहेरचं चाक सुमारे १२.७ मिमी वर जातं. १ जी ला ४ अंश झुकणारी गाडी म्हणजे ५० मिमी. कंपनीच्या उंचीवर चाक वळणाच्या शेवटी बंप स्टॉपला हलकंच टेकतं. ते ठीक आहे, कंपनीने ते धरूनच ठरवलेलं असतं.

आता ४० मिमी खाली आणा. स्टॉपला टेकायला ५ मिमी उरले आणि पूर्ण दाबायला ३५. स्प्रिंग २५ टक्के कडक असली तरी अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं रोखणारा दांडा) तोच आहे आणि झुकवणारी तरफ वाढलेली आहे. झुकणं ४ वरून फार तर ३.७ अंशांवर येईल. म्हणजे ४७ मिमी हवेत आणि आहेत ३५.

पुढे काय होतं ते ओळीने सांगतो. स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या बाहेरचा पुढचा शॉक स्टॉपवर बसतो. त्या क्षणापासून त्या चाकाची स्प्रिंग रेट दुप्पट-तिप्पट होते, स्टॉप दबेल तशी अजून वाढते. पुढच्या धुरीचं सरकणारं वजन एकदम त्या एका टायरवर येतं आणि गाडी नाक बाहेर काढते. चालकाला वाटतं टायरची ग्रिप संपली. मैदानात काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला सांधा आला की चाक उडतं, कारण खाली दाबायला जागाच नाही. हेच मागच्या धुरीला झालं तर उलटं: मागची बाजू काहीही न सांगता सुटते, आणि स्लॅलममध्ये (कोनांच्या रांगेतून नागमोडी जाणं) ते जास्त धोक्याचं.

बंप स्टॉप कापून जागा करायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. स्टॉपचं काम शॉकचा पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटू न देण्याचं आहे. स्टॉप कापला की शॉक काही फेऱ्यांत तेल सोडतो.

तिसरा_गिअर

माझ्या गाडीत खरी जागा किती आहे, हे कसं मोजायचं?

पाना_बारा

दोन मोजमापं करा. दोन्हींना अर्धा दिवस पुरतो.

पहिलं. सपाट जमिनीवर, चालक आत बसलेला, टायरमध्ये स्पर्धेची हवा. चारही चाकांना हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर उभ्या रेषेत मोजून लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवर घ्या, एका बाजूचा स्ट्रट काढा, स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग काढून शॉक, बंप स्टॉप आणि टॉप माउंट परत जोडा. अँटी-रोल बारची लिंक सोडा. चाक लावून लोअर आर्मखाली जॅकने हळूहळू उचला. स्टॉप टेकतो तिथलं हब ते फेंडर अंतर मोजा. आधीच्या अंतरातून हे वजा केलं की तुमचा मोकळा ट्रॅव्हल. त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर लायनरला, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला लागतो का तेही बघा.

दुसरं, प्रत्यक्ष धावताना. शॉकचं डस्ट बूट वर सरकवा, रॉडवर एक बारीक झिप टाय घट्ट बसवा आणि शॉकच्या सीलला टेकवून ठेवा. फेरी मारा. शॉक दबताना त्याची बॉडी झिप टायला वर ढकलते आणि तो तिथेच राहतो. सील ते झिप टाय हे अंतर म्हणजे त्या फेरीतलं सगळ्यात जास्त दबणं. झिप टाय स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत पोचला असेल तर गाडी आत्ताच स्टॉपवर चालते आहे, आणि अशा गाडीला आणखी खाली आणायचा विषयच नको. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूब स्ट्रटवर ही युक्ती चालत नाही, तिथे रॉड आत असतो.

डबलविशबोन

पाना_बारा यांचं मोजमाप सोन्यासारखं आहे. त्यात एक भर: मैदानात जिथे उंचवटा किंवा पाण्याची चर असते आणि गाडी तिथे वळणात असते, तो भाग फेरीत असेल तरच आकडा खरा. गुळगुळीत मैदानावरचा आकडा घेऊन बेफिकीर राहू नका.

नटबोल्ट

म्हणजे क्रम उलटा हवा. आधी किती कडक स्प्रिंग ते ठरवा, मग त्या स्प्रिंगवर किती खाली येणं परवडतं ते बघा. तिसरा_गिअर यांच्या गाडीसाठी हिशोब करू.

पुढच्या एका चाकावर ३४१ किलो. त्यातून हब, ब्रेक, चाक वगैरे ४० किलो काढले तर स्प्रिंगवर ३०० किलो. स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा डोलते ती तिची फ्रिक्वेन्सी; कंपनीची गाडी १.४ हर्ट्झच्या आसपास असते. त्यासाठी चाकाजवळ २३ न्यूटन प्रति मिमी लागतात. डांबरावरच्या ऑटोक्रॉसला, रोजच्या वापराचीही गाडी असेल तर, २ हर्ट्झ चांगला आकडा आहे. तिथे चाकाजवळ ४७ लागतात. स्ट्रटचा मोशन रेशो (चाक १ मिमी हललं की स्प्रिंग किती दबते) ०.९५ धरून त्याच्या वर्गाने भागलं की स्प्रिंग ५२ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे सुमारे ५.३ किलो प्रति मिमी. कंपनीच्या दुप्पट.

मागे एका चाकावर स्प्रिंगवरचे १८० किलो. फ्रंट व्हील ड्राइव्हला मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा जास्त ठेवायची, म्हणजे गाडीचं नाक आत यायला मदत होते. २.२ हर्ट्झला चाकाजवळ ३४ न्यूटन प्रति मिमी. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग बहुधा चाकाच्या थोडी पुढे बसते, त्यामुळे मोशन रेशो मोजूनच घ्या: बीमच्या पिव्होटपासून स्प्रिंगचं अंतर भागिले पिव्होटपासून चाकाच्या मध्याचं अंतर.

स्प्रिंग दुप्पट केली की तेवढ्याच जोराला दबणं निम्मं. बार तोच ठेवला तरी झुकणं अडीच अंशांच्या आत यावं, म्हणजे ३० मिमी. स्टॉपला टेकायला ४५ मिमी होते, त्यातून २० खाली आणले तर उरतात २५, आणि स्टॉप वळणाच्या शेवटी अलगद टेकतो. माझं मत: या गाडीला १५ ते २० मिमी, त्याहून एक मिमीही जास्त नको. ४० मिमीचा तयार सेट कंपनीच्या शॉकवर घालायचा विचार सोडून द्या.

तिसरा_गिअर

कंपनीचे शॉक २ हर्ट्झच्या स्प्रिंगवर चालतील?

नटबोल्ट

नाही. स्प्रिंग दुप्पट केली की त्याच शॉकचं डॅम्पिंगचं प्रमाण वर्गमूळ २ ने घटतं, म्हणजे ३० टक्के कमी. १८ मीटरवर कोन असलेला स्लॅलम ६० किमी वेगाने घेतला तर दर १.१ सेकंदाला गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकावी लागते. शॉक कमजोर असेल तर आधीचं डोलणं संपायच्या आत पुढचं सुरू होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या कोनाला गाडी ओळीबाहेर जाते. ऑटोक्रॉसमध्ये शॉकवर केलेला खर्च उंचीवर केलेल्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त परत मिळतो. माझ्या यादीत टायर पहिले, कॅम्बर दुसरा, शॉक तिसरे. उंची बरीच खाली.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा एकत्र सेट) घेणार असाल तर खालचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा घ्या. त्यात बॉडीची लांबी बदलून उंची बदलते, शॉकच्या आतला ट्रॅव्हल तसाच राहतो. फक्त स्प्रिंगची बैठक खालीवर होणाऱ्या सेटमध्ये प्रत्येक मिलिमीटर तुमच्या ट्रॅव्हलमधून जातो. पहिल्या प्रकारातही बेफिकीर राहू नका: शॉकला जागा असली तरी टायर आधी मडगार्डच्या आत जाऊन लागू शकतो.

आखूड, कडक स्प्रिंग गाडी जॅकवर घेतल्यावर सैल पडते. तिला बैठकीत धरून ठेवायला वर हेल्पर स्प्रिंग लागते. हेल्पर नसेल तर चाक खाली लोंबल्यावर स्प्रिंग तिरकी होते आणि परत बसताना बैठकीच्या कडेवर बसते.

पाना_बारा

कोणी स्प्रिंगच कापायचा विचार करत असेल तर: स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा कापला तर कडकपणा २० टक्के वाढतो आणि उंची त्यापेक्षा कितीतरी जास्त उतरते. म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास, आणि शेवटचा वेढा बैठकीत नीट बसत नाही तो वेगळा. टॉर्चने तापवून बसवलेली स्प्रिंग तर गाडीत ठेवूच नका. पोलादाचं पाणी उतरतं, ती पुढे बसत जाते किंवा तुटते.

स्ट्रटपट्टी

२० मिमी खाली आणली तरी रोल सेंटर आणि बंप स्टिअरकडे बघावंच लागतं. उपाय एकच: लोअर आर्मचा तिरपेपणा परत मूळ जागी आणायचा. त्यासाठी लांब पिनचा बॉल जॉइंट मिळतो, २० ते २५ मिमीचा. तो हबच्या बाजूने आर्मचं टोक खाली ढकलतो. काही गाड्यांत बॉल जॉइंट आणि नकलच्या (हब धरणारा ओतीव भाग) मध्ये स्पेसर घालतात, पण तो स्पेसर बोल्टवर आडवा जोर आणतो, त्यापेक्षा लांब पिन बरी. रिमच्या आत जागा आहे का ते आधी बघा, १५ इंची रिममध्ये अडचण होते.

बॉल जॉइंट खाली गेला आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) तिथेच राहिला तर दोघांचा तिरपेपणा जुळत नाही. मग चाक वरखाली होताना स्टिअरिंग न हलवता चाक आत-बाहेर वळतं, हाच बंप स्टिअर. तेही लांब पिनचं घ्यावं लागतं.

तपासायची पद्धत: स्प्रिंग काढलेली, स्टिअरिंग सरळ आणि बांधलेलं. हबला सपाट पट्टी बोल्टने लावा. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला डायल गेज, नसेल तर जमिनीवर आखलेल्या रेषेपासून मोजपट्टी. चालत्या उंचीपासून ३० मिमी खाली ते ४० मिमी वर, १० मिमीच्या टप्प्यांनी जॅक उचलत जा आणि प्रत्येक टप्प्याला टो (वरून बघताना चाक किती आत किंवा बाहेर वळलं आहे) लिहा. २५ मिमीच्या प्रवासात १ मिमीपेक्षा कमी फरक असला तर पुढे जा. त्याहून जास्त असेल तर टाय रॉडचं टोक शिमने वरखाली करून परत मोजा.

डबलविशबोन

अँटी-रोल बारला विसरू नका. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा बार २२ मिमीचा केला की ४६ टक्के कडक. उंचीला हात न लावता झुकणं कमी करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. फ्रंट व्हील ड्राइव्हला तो मागे वाढवा. वळणात मागचं आतलं चाक थोडं उचललं गेलं तरी हरकत नाही. पुढे वाढवला तर आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) नसेल तर वळणातून बाहेर पडताना तेच चाक फिरत बसतं.

मातीचा_ट्रॅक

सगळी चर्चा डांबराची चालली आहे. ऑटोक्रॉस पुष्कळ ठिकाणी मातीवरही होतं, आणि तिथे उत्तर सरळ उलटं आहे. मातीवर घर्षणच कमी, त्यामुळे सरकणारं वजन निम्मंच असतं आणि ते कमी करून फारसं मिळत नाही. उलट चर पडलेल्या मातीत चाक जमिनीवर ठेवायला लांब ट्रॅव्हल आणि मऊ स्प्रिंग लागते. ब्रेक मारून नाकावर वजन टाकून गाडी वळवायची असते, कडक खाली बसवलेली गाडी ते करू देत नाही. सम्पचं (इंजिनखालची तेलाची टाकी) संरक्षण आणि उंची, दोन्ही राखा.

नटबोल्ट

महत्त्वाचा मुद्दा. आणि स्पर्धेचे नियमही आधी वाचा. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संस्थेच्या सोलो (ऑटोक्रॉस) स्पर्धांत स्ट्रीट वर्गात स्प्रिंग कंपनीचीच ठेवावी लागते. शॉक बदलता येतात, आणि अँटी-रोल बार पुढचा किंवा मागचा, एकच बदलता येतो. लोअरिंग स्प्रिंग घातली की गाडी वरच्या वर्गात जाते, तिथे समोर पूर्ण तयार गाड्या असतात. पाव सेकंद मिळवायला दोन सेकंदांनी वेगवान वर्गात जाणं परवडत नाही.

स्ट्रटपट्टी

एक उपाय कोणीच सुचवला नाही. टायर बदलणारच असाल तर १९५/५५ आर१५ ऐवजी १९५/५० आर१५ घ्या. व्यास ५९५ वरून ५७६ मिमी होतो आणि गाडी जवळपास १० मिमी खाली येते. यात हब, ब्रेक, आर्म सगळंच एकत्र खाली येतं. आर्मचा तिरपेपणा बदलत नाही, बंप ट्रॅव्हल बदलत नाही, बंप स्टिअर बदलत नाही. वर गिअरिंग ३ टक्क्यांनी आखूड होतं, ते दुसऱ्या गिअरच्या फेरीत उपयोगाचंच. फक्त दुसऱ्या गिअरचा कमाल वेग तेवढाच घटतो, फेरीत लिमिटरला लागत असाल तर हिशोब करा. स्पीडोमीटरही थोडा जास्त दाखवेल.

स्ट्रटच्या गाडीला लोअर करायचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

तिसरा_गिअर

ठरलं: ४० मिमीचा सेट नाही. १९५/५० टायर, पुढे कॅम्बर प्लेट, चांगले शॉक, पुढे ५२ न्यूटन प्रति मिमीची आणि मागे मोजून ठरवलेली स्प्रिंग, उंची १५ मिमी खाली. बसवताना काय सांभाळायचं? आणि सेटिंग कुठून सुरू करू?

पाना_बारा

सेटिंग आधी सांगतो. पुढे कॅम्बर उणे २.५ ते उणे ३ अंश. पुढचा टो दोन्ही चाकांचा मिळून १ ते २ मिमी बाहेर. टॉर्शन बीमला मागे टो-कॅम्बर सहसा बदलता येत नाही, शिम घालता आले तर मागे शून्य टोपासून सुरुवात करा. टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी खडूच्या आडव्या रेषा ओढा आणि फेरी मारा. साइडवॉलवर छापलेल्या लहान त्रिकोणाच्या टोकापर्यंत खडू पुसला गेला तर हवा बरोबर. त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर हवा वाढवा किंवा कॅम्बर अजून द्या. त्रिकोणाच्या बराच वर थांबला तर हवा कमी करा. ६० सेकंदांच्या फेरीत टायर पुरता तापत नाही, म्हणून नुसत्या तापमानावर विसंबू नका.

बसवताना: लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना हाताने टेकतील इतकेच लावा. चाकं जमिनीवर आली, गाडी पुढे-मागे ढकलून बसवली, की मग नव्या उंचीवर ठरलेल्या टॉर्कने आवळा. हे रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. हवेत आवळलं तर चालत्या उंचीला ते कायम पिळलेलं राहतं, जास्तीची स्प्रिंग बनतं आणि काही महिन्यांत फाटतं. लोअर केलेल्या गाडीचे बुश लवकर जातात अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा हेच.

ब्रेकची होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणली जात नाही ना, आणि पूर्ण वर गेल्यावर टायरला घासत नाही ना, ते स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. स्ट्रट ते नकलचे दोन बोल्ट आणि टॉप नट पहिल्या स्पर्धेच्या फेऱ्यांनंतर परत टॉर्क रेंचने तपासा. हा सांधा सरकला की कॅम्बर बदलतो, म्हणून नकलवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, सरकलं तर लगेच दिसतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, चालक किंवा तेवढं वजन सीटवर ठेवून. हेडलाइटचा झोतही परत जुळवून घ्या, उंची बदलली की तो बदलतो.